पोहऱ्यातून आडात

ऑक्टोबर १९६४ मध्ये वजनमापांच्या बाराव्या सर्वसाधारण परिषदेने ठराव केला, की यापुढे ‘लिटर’ हे एका घन डेसिमीटरचेच दुसरे नाव समजावे. त्याआधी लिटर हे एक किलो पाण्यावरून ठरत असे आणि त्यात केसभर तफावत राहत असे. परिषदेने तो केसही ठेवला नाही. तेव्हापासून एका घनमीटरात बरोबर हजार लिटर मावतात, थेंब कमी नाही की जास्त नाही. ठराव छापलेला आहे. ज्याला शंका असेल त्याने काढून पाहावा.

गणिताच्या बाईंना या ठरावाचे साल ठाऊक नव्हते. त्याचा आशय मात्र त्या नोकरीला लागल्यापासून सातवीच्या मुलांच्या गळी उतरवत आल्या होत्या, आणि तितक्याच नेमाने मुले तो पुढच्या तासाला विसरत आली होती. ‘लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची’ हे मुलांना असे पाठ असे, की झोपेतून हलवून विचारले तरी सांगतील. पण फळ्यावर उत्तर आल्यानंतर बाईंनी विचारावे, ‘हे घनफळ कशाचं?’ आणि अख्ख्या वर्गाने छताकडे बघावे. एका वर्षी एकाने धीर करून सांगितले होते, ‘उत्तराचं.’ त्या दिवशी बाईंनी खडू खाली ठेवला, तो तास संपेपर्यंत उचलला नाही.

त्यांनी उपाय केले नाहीत असे नाही. साबणाचे खोके आणून झाले. काड्यापेट्या आणून झाल्या. त्यांतल्या काही रिकाम्या नव्हत्या हे एका बाकावरून धूर निघाल्यावर कळले आणि मुख्याध्यापकांनी लेखी समज दिली. शेवटी बाईंनी पुठ्ठ्याचा खराखुरा घनमीटर बांधला, सगळ्या बाजूंनी मीटरभर. तो वर्गाच्या दारातून आत जाईना. व्हरांड्यातच राहिला, आणि आठवड्याभरात कुणीतरी त्यात छत्र्या ठेवू लागले.

मग त्यांना एक खेळ भेटला, तो घरी, स्वयंपाकघरात. सुटीत राहायला आलेली नणंदेची मुलगी ओट्याला टेकून मोबाइलवर काहीतरी रचत होती. चौकोनी झाडे, चौकोनी ढग, आणि चौकोनी डोक्याचा एक माणूस त्यांतून धावत होता.

“हा एक ठोकळा केवढा ग?” भाजी परतता परतता बाईंनी सहज विचारले.

“एक मीटर, मामी.”

“लांबीला?”

“सगळीकडून.”

बाईंच्या हातातले उलथने थांबले. “म्हणजे हा घनमीटर आहे!”

“नाही मामी, हा दगड आहे.”

“आणि ती भाजी आहे, करपतेय,” सासूबाई म्हणाल्या.

भाजी करपली ती करपली. पण कुठल्याही दारातून आत जाणारे हजार घनमीटर बाईंनी त्या संध्याकाळी डोळ्यांनी पाहिले, आणि त्यांच्या डोक्यात एक किडा शिरला. या किड्याचे पुढे काय झाले, त्याचीच ही हकीकत आहे.

योगायोग असा, की त्याच सत्रात शिक्षण कार्यालयाचे एक परिपत्रक शाळेत आले होते. ज्या संगणकीय खेळात जिंकणे-हरणे नसते, हवे ते बांधावे आणि हवे ते मोडावे, त्याला सँडबॉक्स खेळ म्हणतात. असे खेळ शिकवण्यात वापरावेत, अशी शिफारस त्या परिपत्रकात होती. कार्यालयातल्या कुणा भाषाप्रेमी अधिकाऱ्याने त्या शब्दाचे भाषांतर केले होते ‘वाळूपेटी खेळ’. बाईंनी परवानगी मागितली, तेव्हा मुख्याध्यापकांचा चेहरा उजळला. ते त्यांना हाताला धरल्यासारखे शाळेमागच्या पटांगणात घेऊन गेले. तिथे सुताराकडून करून घेतलेली, निळ्या रंगाने रंगवलेली एक ऐसपैस लाकडी चौकट होती. चौकट काठोकाठ वाळूने भरलेली होती, आणि वाळूच्या मधोमध एक मांजर झोपले होते.

“घ्या. तुम्ही मागायच्या आधीच तयार,” मुख्याध्यापक म्हणाले. “कार्यान्वित झाली म्हणून कार्यालयाला कळवूनसुद्धा टाकलंय.”

बाई म्हणाल्या, “सर, हा खेळ संगणकावरचा असतो.”

“संगणकावरचा?”

“हो.”

“आणि वाळू?”

“वाळू संगणकातच असते, सर.”

मुख्याध्यापक बराच वेळ मांजराकडे पाहत राहिले. मग त्यांनी हळू आवाजात विचारले, “हे आणखी कुणाला माहीत आहे?”

कार्यालयाला दुरुस्तीचे पत्र पाठवून स्वतःचे हसे करून घेण्यापेक्षा बाईंना गप्प करणे स्वस्त पडणार होते. म्हणून संगणकखोलीची किल्ली बाईंना मिळाली. ती खोली एरवी कचेरीच्या माहितीभरणीसाठी राखलेली असे आणि मुले तिला दाराच्या काचेतून पाहत. आता सातवी ‘ब’ला तिच्यात आठवड्याचे दोन तास मिळाले. पण किल्ली देताना मुख्याध्यापकांनी अट घातली. “सहामाही परीक्षा. तुमची तुकडी गणितात गेल्या वर्षीच्या मागे गेली, तर किल्ली माझ्या टेबलावर. आणि मग पुन्हा हा विषय काढायचा नाही.”

‘अ’ तुकडीला गणित शिकवणारे ज्येष्ठ सर तेव्हा तिथेच बसले होते. जगातले कोणतेही गणित ते त्रैराशिकाने सोडवून दाखवत, म्हणून मुले त्यांना त्रैराशिक सर म्हणत. हे त्यांना माहीत होते आणि मनातून आवडतही होते. “बाई,” ते चष्मा पुसत म्हणाले, “मुलं फुकटात खेळतच होती. आता पगार घेऊन खेळवायची, एवढाच फरक.”

घरी सासूबाईंनी त्यात भर घातली. “खेळायला शाळेत पगार देतात? आमच्या वेळी छड्या देत असत.”

गेल्या वर्षीचा निकाल काही हिमालयाएवढा नव्हता. तो ओलांडता येईल असे बाईंना वाटले.

पहिल्या तासाला एका संगणकामागे तीन-तीन मुले बसली. कुणी कळफलक ओढला, कुणी माउस, आणि ज्याच्या वाट्याला काहीच आले नाही त्याने वीज बंद केली. पुन्हा सगळे सुरू होईपर्यंत अर्धा तास सरला. उरलेल्या वेळात फळ्यावर लिहिल्याप्रमाणे ‘चार मीटर लांबीची भिंत’ बांधायची होती. वर्गाने कोंबड्या पकडल्या, एक डोंगर पोखरला आणि गावातल्या माणसांना विहिरीत ढकलले. बाई स्वतः एका संगणकावर बसल्या होत्या. त्यांच्या चौकोनी माणसाची मान वर झाली होती आणि ती काही केल्या खाली येत नव्हती.

“बाई, तुम्ही आकाश बघताय.”

“मला कळतंय ते.”

“माउस खाली ओढा, बाई.”

त्यांनी माउस खाली ओढला. माणूस आता स्वतःच्या पायांकडे पाहू लागला, दोन पावले चालला आणि कुणीतरी खणून ठेवलेल्या खड्ड्यात पडला. वर्ग हसून हसून बाकांवरून घसरला. त्या दिवशी शिक्षककक्षात त्रैराशिक सरांनी विचारले, “काय, कुठवर आली भिंत?” बाई म्हणाल्या, “पाया खणून झाला.” हे तसे खोटे नव्हते.

असे कित्येक तास गेले. बाई ओरडून ओरडून घसा बसवून घेत आणि घरी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत. एकदा तर वर्गात ‘सगळ्यांनी थांबा’ म्हणण्याऐवजी त्यांनी सरळ वीज बंद केली, आणि त्यासरशी कुणाचे तरी पंधरवड्याचे काम गेले. ती मुलगी तासभर रडली. खेळाने मुलांना गोडी लागते असे ज्यांनी लिहिले आहे त्यांनी हे तास पाहिले असतील असे वाटत नाही. गोडी लागलीच होती. पण ती गणिताची होती असे म्हणायला काही जागा नव्हती.

त्यातही एक तास निराळा गेला, हे मात्र नोंदवले पाहिजे. बाईंनी पाठ्यपुस्तकातलेच उदाहरण दिले होते. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच अशी पाण्याची टाकी बांधा. सगळ्यांनी चार ठोकळे मोजले, तीन मोजले, भिंती उभ्या केल्या आणि आत डोकावून पाहिले. आत जेमतेम दोन ठोकळ्यांची जागा उरली होती. भिंतच मीटरभर जाड, मग दुसरे काय होणार!

त्या वर्गात एक मुलगी होती. ती प्रत्येक तासाला हात वर करून ‘बाई, एक शंका’ म्हणत असे, म्हणून सगळे तिला शंकासूर म्हणत. तिने हात वर केला.

“बाई, एक शंका. टाकीची लांबी आतून धरायची का बाहेरून?”

बाई पुस्तक हातात घेऊन उभ्या राहिल्या. पुस्तकात ते दिलेले नव्हते. इतकी वर्षे त्यांनीही ते कुणाला विचारले नव्हते, आणि त्यांनाही कुणी विचारले नव्हते, कारण फळ्यावरच्या टाकीला भिंतच नसते.

“तुला काय वाटतं?” त्यांनी विचारले.

“पाणी आत असतं ना,” शंकासूर म्हणाली. “मग आतून.”

मुलांनी टाक्या पाडल्या आणि पुन्हा मोठ्या बांधल्या. आतला एकेक ठोकळा मोजून वर्गाने एका सुरात ‘चोवीस!’ असे ओरडून सांगितले. बाईंनी विचारले, ‘चोवीस काय?’ आणि कुणीही छताकडे बघितले नाही. ‘चोवीस घनमीटर, बाई.’ त्या संध्याकाळी बाई घरी गेल्या तेव्हा त्यांची पावले जमिनीवर पडत नव्हती. सासूबाईंनी विचारले, “आज जिंकलीस वाटतं?” “यात जिंकणं नसतं, आई,” बाई म्हणाल्या.

पुढच्याच तासाला घोडे पेंड खायला बसले. बाईंनी टाकी पाण्याने भरायला सांगितली. खेळातली बादली नेहमीच्या बादलीएवढी दिसते, पण तिच्यात एक अख्खा ठोकळा, म्हणजे हजार लिटर पाणी मावते आणि चौकोनी माणूस ते घेऊन धावतोही. बाईंचा हिशेब सरळ होता. चोवीस घनमीटरांची टाकी, तेव्हा नदीवरून चोवीस खेपा. घनफळ म्हणजे काय ते मुलांच्या पायांतही मुरेल. पण खेळातल्या पाण्याला एक खोड आहे. दोन बादल्या पाणी एकमेकांजवळ ओतले, की मधली रिकामी जागा आपोआप भरते. त्यातून बादली भरून घ्या, ती जागाही आपोआप भरते. सातवीच्या मुलांना हे ठाऊक होते; बाईंना नव्हते. सगळी मुले नदीवर गेली, दोन-दोन बादल्या घेऊन आली, आणि मग टाकीतलेच पाणी काढून टाकीतच ओतत राहिली. टाक्या काठोकाठ भरल्या. बाईंनी घड्याळाकडे पाहिले. तास संपायला थोडाच वेळ उरला होता आणि चोवीस खेपांना पुढचा तासही लागेल असे त्यांनी धरले होते.

“भरली सुद्धा?”

“भरली, बाई! दोन बादल्यांत!”

या क्षणी बाईंनी काय म्हणायला हवे होते, यावर त्यांनी पुढे पुष्कळ विचार केला. प्रत्यक्षात दारात कचेरीतला लेखनिक माहितीभरणीची कागदपत्रे घेऊन उभा होता, मागच्या बाकावर वायर ओढण्यावरून मारामारी जुंपली होती, आणि बाई इतकेच म्हणाल्या, “बरं, भरली ना? शाबास. आता बंद करा आणि रांगेत निघा.”

सहामाहीची प्रश्नपत्रिका दोन्ही तुकड्यांना एकच असे आणि ती त्रैराशिक सर काढत. घनफळाच्या प्रश्नाचे दोन भाग होते. आतून चार मीटर लांब, तीन मीटर रुंद व दोन मीटर उंच टाकीचे घनफळ काढा, हा ‘अ’ भाग. बादलीत वीस लिटर पाणी मावत असल्यास ती टाकी भरण्यासाठी किती बादल्या पाणी आणावे लागेल, हा ‘ब’. मापे पाठ्यपुस्तकातलीच होती. सरांनी ती मुद्दाम निवडली असे मानायला कोणताही आधार नाही. ते दर वर्षी त्याच पानावरून मापे घेत.

पेपर तपासून झाल्यावर मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावले. त्रैराशिक सर आधीच तिथे बसले होते आणि टेबलावर ‘ब’ तुकडीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता.

“‘अ’ भाग जवळजवळ सगळ्यांचा बरोबर आहे,” सर म्हणाले. “चोवीस घनमीटर. छान. माझ्या तुकडीलाही आलाय तो, ठोकळ्यांशिवाय. आता ‘ब’ बघा.”

बाईंनी वरची उत्तरपत्रिका पाहिली. पुढची पाहिली. तिच्या खालची पाहिली. निम्म्याहून अधिक मुलांनी एकच उत्तर लिहिले होते. दोन बादल्या.

“बाराशे, बाई,” सर शांतपणे म्हणाले. “चोवीस हजार लिटर भागिले वीस. साधं त्रैराशिक. आणि तुमची मुलं दोन बादल्यांत टाकी भरतात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!”

बाईंनी खेळातल्या पाण्याची खोड समजावून सांगितली. सांगता सांगता त्यांच्याच लक्षात आले, की आपण जितके नीट समजावतो आहोत तितके आपलेच वजन कमी होत आहे.

“म्हणजे तुमच्या खेळात शिकवलं जातं ते चुकीचं असतं, असंच ना?” मुख्याध्यापकांनी विचारले.

“घनफळ बरोबर असतं, सर. पाणी चुकीचं असतं.”

“टाकी पाण्याचीच आहे ना पण!”

गठ्ठ्यातली एक उत्तरपत्रिका सरांनी बाजूला काढून ठेवली होती. तिच्यात ‘ब’ भागाखाली नीट अक्षरात लिहिले होते, ‘उत्तर १२०० किंवा २. पाणी कोणत्या जगातले ते दिलेले नाही.’ मुख्याध्यापकांनी शंकासूरला वर्गातून बोलावून घेतले.

“हा काय आगाऊपणा आहे?”

“आगाऊपणा नाही, सर. शंका आहे.”

“बादलीत वीस लिटर मावतं असं दिलंय ना? मग कोणत्या जगातली ते कळत नाही?”

शंकासूरने थोडा विचार केला. “हो सर, ते खरं. तिथल्या बादलीत हजार मावतं. मग बाराशेच.” मग तिने हळूच विचारले, “पण सर, बाराशे बादल्या कोण आणेल? एवढ्यात कुणीतरी पाइप लावेल ना.”

त्रैराशिक सरांना हसू आले आणि त्यांनी ते खोकल्यात लपवले. “आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण ऐकली आहेस का?”

“हो सर. तिथे उलटं असतं. पोहऱ्यात असलं की आडात येतं.”

“जा वर्गात,” मुख्याध्यापक म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी निकालाचा कागद बाईंपुढे सरकवला. ‘ब’ भागाच्या गुणांमुळे तुकडी गेल्या वर्षीच्या थोडी खाली उतरली होती. तेवढे गुण धरले नाहीत तर ती चांगलीच वर होती. मुख्याध्यापक दुष्ट नव्हते. शिवाय पटांगणातली वाळूपेटी त्यांच्या मनात अजून सलत होती. त्यांनी आवाज खाली आणला.

“एक मार्ग आहे, बाई. एवढ्या मुलांचं एकच चुकीचं उत्तर, म्हणजे कॉपी. तुम्ही तसं लिहून द्या. ‘ब’ भाग त्या मुलांपुरता रद्द करतो. निकाल वर जातो, किल्ली तुमच्याकडे राहते. तुमचा तो... खेळ चालू राहतो.”

“आणि मुलांचं?”

“प्रगतिपुस्तकात शेरा. नियमच आहे तो. वर्षभरात विसरतील लोक. उद्या सकाळी द्या.”

घरी बाईंनी जेवता जेवता झाले ते सांगितले. सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि निकाल दिला, “लिहून टाक. मुलं कॉपी करतातच.”

“मी पाहिलं नाही, आई.”

“पाहिलं असतंस तर कॉपी कशाला झाली असती?”

बाईंचा राग त्या वेळी नेमका कुणावर होता हे सांगणे अवघड आहे. खेळ बनवणाऱ्यांवर होता, त्यांनी पाणी असे फुकट का ठेवले म्हणून. मुलांवर होता, इतका जीव ओतून शिकवले ते पालथ्या घड्यावर गेले, आणि कार्ट्यांना पेपरात एकदा ‘वीस लिटर’ हे शब्दही वाचता आले नाहीत! त्रैराशिक सरांवर होता, कारण ते बरोबर होते. आणि सगळ्यांत जास्त, कागदपत्रे घेऊन उभ्या असलेल्या लेखनिकाकडे पाहत घाईघाईने टाकलेल्या एका ‘शाबास’वर होता. कागद पुढे ओढून त्यांनी ‘माझ्या तुकडीतील विद्यार्थ्यांनी’ इथपर्यंत लिहिलेही. पुढचे क्रियापद त्यांना सापडेना.

सकाळी कचेरीत जाण्याआधी त्या वर्गात गेल्या. हजेरी घेतली नाही, फळ्यावर काही लिहिले नाही.

“पेपरातली टाकी भरायला किती बादल्या?”

“बाराशे!” वर्ग एका आवाजात म्हणाला.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मग दोन कशाला लिहिलंत? कुणी कुणी लिहिलं? हात वर करा.”

हात वर यायला वेळ लागला. मग एकेक करत बरेच आले.

“का लिहिलंस?” त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलाला विचारले.

“मला वाटलं आपल्याच टाकीचा प्रश्न आहे, बाई. मापं तीच होती.”

“आणि तू?”

“तुम्हीच म्हणाला होतात ना, शाबास.”

“तू?”

“गंमत म्हणून. सर चिडतात का ते बघायला.”

“ह्याने लिहिलं म्हणून मी लिहिलं,” मागून एक आवाज आला.

“ए, खोटं बोलू नको! मीच तुझं बघून लिहिलं!”

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. दोघांनी एकमेकांचे पाहून लिहिले होते, एवढे आता उघड होते. पण दोघांचेही खरे असेल तर ते उत्तर पहिल्यांदा लिहिले कुणी, हे त्या हजार वेळा विचारूनही कळणार नव्हते. ‘आपल्याच टाकीचा प्रश्न’ म्हणणारा खरे बोलत होता, की रात्रभरात सुचलेले सांगत होता? आणि रात्री सगळ्यांना ‘बाराशे’ कुणी सांगितले? त्यांनी शंकासूरकडे पाहिले. आज प्रथमच तिने हात वर केला नव्हता.

कचेरीत मुख्याध्यापकांनी हात पुढे केला. बाईंनी त्या हातावर कागद ठेवला नाही.

“दोन मुलांनी बघून लिहिलं, सर. तेवढं मी सांगू शकते. बाकीच्यांचं मला माहीत नाही.”

“दोघांनी काय होतंय? सगळ्यांचा प्रश्न रद्द करायचा तर सगळ्यांचं लागतं.”

“सगळ्यांचं मला माहीत नाही.”

“कोर्टात उभ्या नाही आहात तुम्ही, बाई! अंदाजानं लिहा.”

“त्यांच्या प्रगतिपुस्तकात तुम्ही अंदाज लिहिणार नाही. ‘कॉपी केली’ असंच लिहिणार.” बाईंचा आवाज चढला होता, तो खाली आणायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. “ठोकळ्यांनी ते काही शिकले हे मला सिद्ध करता येत नाही, मान्य. मग त्यांनी चोरी केली हे तरी मी कशाच्या जोरावर लिहून देऊ?”

“म्हणजे किल्ली देताय?”

“तुम्हीच अट घातली होती, सर.”

त्यांनी पर्समधून किल्ली काढली आणि टेबलावर आपटली. नंतर त्यांना वाटले, निदान आपटायला नको होती. त्रैराशिक सर दारात भेटले. “बाई, तुम्ही लिहून दिलं असतं तर मीही सही केली असती,” ते म्हणाले. हे त्यांनी दिलासा म्हणून सांगितले की बाईंचा मूर्खपणा ठळक करायला, हे बाईंना कळले नाही आणि त्यांनी विचारलेही नाही.

त्याच दुपारी संगणकखोलीत माहितीभरणी पुन्हा सुरू झाली. सातवी ‘ब’ने वार्षिक परीक्षेला बादल्यांचे उदाहरण बरोबर सोडवले, पण तोवर ते फळ्यावर इतक्या वेळा झाले होते, की त्यावरून ठोकळ्यांच्या बाजूने किंवा विरुद्ध काहीच ठरत नाही.

ज्यांची खात्री करता आली नाही त्या गोष्टी अशा. परिपत्रकात ‘वाळूपेटी’ हा शब्द कुणी घातला, ते कळत नाही. मुलांनी बांधलेल्या टाक्या संगणकांतून पुसल्या गेल्या की अजून कुठे शिल्लक आहेत, हे पाहायला खोलीत कुणाला सोडले गेले नाही. त्या वर्षी सातवी ‘ब’ला घनफळ समजले ते खेळामुळे, की तो नसता तरी समजले असते, याची तुलना कुणी केली नाही आणि आता करता येणार नाही. आणि त्या पेपरात पहिल्यांदा ‘दोन’ कुणी लिहिले, विश्वासाने लिहिले, थट्टेने लिहिले की शेजारी पाहून लिहिले, हे आजही माहीत नाही.